नागपूरला गेलेली बाई

आमच्या काळी, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, घरात कुणाला कॅन्सर झाला की आधी तो लपवायचे आणि मग औषधाचं बघायचे. मला झाला तेव्हा आमच्या ह्यांनीही तेच केलं, आणि त्यांना एकट्याला कशाला बोल लावू, मीही त्यात होतेच. छातीला गाठ. ही काय चारचौघांत सांगायची जागा आहे? पाय मोडला तर माणूस गॅलरीत बसून सगळ्या चाळीला प्लॅस्टर दाखवतो. छातीचं कुणाला सांगणार? एक बाजू काढून टाकावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला मरणाची भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. परक्या पुरुषांपुढे उघडं व्हायचं, आणि नंतर एका बाजूने सपाट होऊन नळावर पाणी भरायला उभं राहायचं, ह्याचीच.

त्यात मुलीचं लग्न ठरलेलं. बोरिवलीचं स्थळ, मुलगा बँकेत, माणसं आमच्याच जिल्ह्यातली. आमचे हे गिरणीच्या संपात सापडले, वर्षभर घरी बसले, मग मुलुंडच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून कसेबसे चिकटले. अशा घरातल्या मुलीला बँकवाला मिळाला म्हणून घाटकोपरच्या आमच्या चाळीत निम्म्या बायकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. कॅन्सर शिवला तर लागतो असं लोकांना वाटायचं, आणि आईचा मुलीत उतरतो असं तर शिकलेल्यांनाही वाटायचं. व्याह्यांना कळलं की लग्न मोडलंच, ह्याबद्दल आम्हा दोघांच्या मनात तसूभर शंका नव्हती. म्हणजे लग्न पार पडेपर्यंत मला कुठेतरी नाहीशी करणं आलं.

गावी गेलीय असं सांगायची सोय नव्हती. अर्धी चाळ आमच्याच तालुक्यातली. दर आठवड्याला कोणीतरी एसटीने जाणार, कोणीतरी येणार, आणि आल्या आल्या विचारणार, "तुझी बायल खंय आसा? गावात तर दिसूक नाय." म्हणून ह्यांनी नागपूर काढलं. नागपूरला आमच्याकडचं कोणी जात नाही आणि तिकडचं कोणी येत नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी नागपूरला दिलीय, तिला दिवस गेलेत, पहिली वेळ आहे, तिच्याकडे कोणी बाई माणूस नाही, अशी सगळी रचना ह्यांनी एका संध्याकाळी चहा पिता पिता केली. मला मावसबहीणच नाही. पण ते कोण बघतंय?

मी नागपूरला गेले म्हणजे गोरेगावला गेले. माझा धाकटा भाऊ तिथल्या एका फिल्म स्टुडिओत सुतार होता, सेट उभे करायचा, आणि दिंडोशीच्या बाजूच्या वसाहतीत तळमजल्याला त्याची खोली होती. हॉस्पिटलातून सुटल्यावर मला टॅक्सीने सरळ तिथे नेलं. रस्त्याकडची खिडकी बंद ठेवायची, दारात उभं राहायचं नाही, कोणी आलं तर मोरीत जायचं. भावाने आणि वहिनीने माझं खूप केलं, त्यांना नावं ठेवणार नाही. पण आपण ज्या घरात राहतोय तिथे आपण नाहीच असं रोज दाखवायचं, हे करून बघा कधी. स्वतःच्या खोकल्याची लाज वाटायला लागते. इंजेक्शनांनी केस जायला लागले तेव्हा भावाने स्टुडिओतल्या मेकअपवाल्याकडून एक विग आणला, लांब शेपट्याचा, कुठल्या तरी नटीच्या आईला घातलेला असेल. मी तो घालून आरशात बघितलं आणि काढून डब्यात ठेवून दिला.

तिकडे घाटकोपरला माझ्या नसलेल्या भाचीचे दिवस भरत आले. बाळंतपण असं किती लांबवणार? शेजारणी ह्यांना जिन्यात गाठून विचारू लागल्या, "काय हो, पेढे की बर्फी?" ह्यांची बोबडी वळली आणि ह्यांनी बर्फी सांगून टाकलं. सांगितलं म्हटल्यावर वाटायला नको? आमच्या नवऱ्याने घाटकोपर स्टेशनबाहेरून बर्फीचा पुडा आणून, जन्मालाच न आलेल्या मुलीची बर्फी अख्ख्या चाळीत दारोदार वाटली. लेक त्यांच्यामागून ताटली घेऊन गेली. रविवारी गोरेगावला आली तेव्हा हे सांगताना ती हसत होती, मीही हसले, हसता हसता टाके दुखले. मग ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "आई, लोकांनी बाळाला दीर्घायुष्य असो असं म्हटलं गं." 

त्याच रविवारी ह्यांनी मला लग्नाचं सांगितलं. बोलणी झाली होती. लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये, माघात. बाळ अशक्त आहे, भाचीला ताप येतो, म्हणून मी नागपूरहून येऊ शकणार नाही. कन्यादानाला माझे मोठे दीर आणि जाऊबाई बसतील. व्याह्यांनी हे मान्य केलं होतं. सांगताना हे माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी विचारलं, मी हॉलच्या मागच्या खुर्चीत पदर घेऊन बसले तर? म्हणाले, तुला ओळखणार नाही असं एक तरी माणूस असेल का त्या हॉलात? बरोबरच होतं ते. मी मान हलवली. माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात मी नसणार हे मी मान हलवून कबूल केलं, आणि त्या वेळी मला ते शहाणपणाचंच वाटलं.

आता त्या डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. वहिनीबरोबर मी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात किरणं घ्यायला जायची. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या असत, त्या धुवायच्या नाहीत अशी ताकीद. तिथे बाकावर बसले असताना एक उंच, वाकून चालणारे, चाळिशीचे डॉक्टर आले आणि पुण्याच्या स्वच्छ भाषेत म्हणाले, "ताई, आपल्याशी थोडं बोलू शकतो का?" मला वाटलं, झालं, आणखी काहीतरी निघालं. तर ते मनाचे डॉक्टर होते. संशोधन करत होते. निम्मा आठवडा ते तुरुंगात आणि कोर्टात जात. आरोपीचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, खटला समजण्याइतका तो शुद्धीवर आहे का, हे तपासून न्यायाधीशांना सांगायचं काम. उरलेला निम्मा आठवडा इथे, कॅन्सरच्या पेशंटांमध्ये.

त्यांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. झोप लागते का, भूक लागते का, हे ठीक होतं. मग विचारायला लागले, लोक आपल्याकडे बघतायत असं वाटतं का? घरच्यांपासून तोंड लपवावंसं वाटतं का? आपल्या हातून काहीतरी चुकलंय असं वाटतं का? जे झालं ती शिक्षा आहे असं वाटतं का? मला संताप आला. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, घरी कोंडून तो आणखी आंबला होता. मी म्हटलं, "मी काय खून केलाय का हो? हे असले प्रश्न तुम्ही तुमच्या कैद्यांना विचारा."

ते म्हणाले, "त्यांनाही हेच विचारतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तुरुंगातल्या माणसांना आणि इथल्या पेशंटांना ते सारखेच प्रश्न विचारत होते. ज्याने गुन्हा केल्याचा आरोप आहे त्याच्या मनात काय चालतं, आणि ज्याने काहीच केलेलं नाही पण आजार झालाय त्याच्या मनात काय चालतं, हे त्यांना शेजारी शेजारी ठेवून बघायचं होतं. मी विचारलं, मग काय म्हणतात तुमचे कैदी? ते थोडे अवघडले. कुणा एकाचं सांगत नाही, म्हणाले, पण तिकडे बहुतेक जण म्हणतात, साहेब, मी काही केलेलं नाही. आणि इकडे? इकडे बायका आपण काय केलं ते शोधत बसलेल्या असतात.

मला इतकं लागलं ते. कारण माझी यादी तयार होती. नागपंचमीला विळी धरली होती. सासूला शेवटच्या आजारात एकदा टाकून बोलले होते. मुलीचं अंगावरचं दूध लवकर तोडलं होतं, तेच तर तिथे गाठ होऊन बसलं नसेल? हे सगळं मी रोज बंद खिडकीशी बसून उगाळत होते, आणि हा माणूस सांगत होता की खुनाचे आरोपीसुद्धा एवढं उगाळत नाहीत.

तिथल्या बाकावर अशी एक आरोपी बाईही यायची. कच्ची कैदी, दोन महिला पोलीस बरोबर, आणि मानेला गाठ. नवऱ्याला मारल्याचा आरोप होता म्हणे. मी पदर नाकापर्यंत ओढून बसलेली, आणि ती भर व्हरांड्यात मांडी घालून केळं खायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची. एकदा मला म्हणाली, "काय गं, तुला कुठे झालाय?" एवढ्या मोठ्यांदा की चार माणसं वळली. मी दुसरीकडे तोंड केलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिची बहीण भेटायला आली होती, डबा घेऊन, सगळ्यांदेखत. त्या बाईचा मला हेवा वाटला, हे आता लिहितानाही कसंतरी होतं. तिच्या माणसांना ती कुठे आहे हे सांगता येत होतं.

डॉक्टरांकडे मी पुढेही गेले. चिडत चिडत जायची, पण जायची, कारण दुसरं कोणी मला काही विचारत नव्हतं. नागपूरचं मी त्यांना सांगितलं. बर्फीचंही सांगितलं. ते हसले नाहीत. मुलीच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही कुठे असाल, एवढंच विचारलं. मी म्हटलं, गोरेगावला, खिडकी लावून. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. पण असं करू नका, असं काही म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते की काय, कोण जाणे. घरच्या कोणाशी तरी बोलायचंय, असं मात्र ते सारखं म्हणायचे, संशोधनात तोही भाग होता. ह्यांना मी निरोप दिले. हे आज येतो, उद्या येतो करत राहिले.

मग मला ताप आला आणि माझ्या काही फेऱ्या चुकल्या. डॉक्टरांना काळजी वाटली. माझ्या केसपेपरवर घाटकोपरचा पत्ता होता. आजाराचं नाव काढायचं नाही, हॉस्पिटलचं नाव काढायचं नाही, साध्या ओळखीच्या माणसासारखं जाऊन ह्यांना भेटायचं आणि माझी चौकशी करायची, एवढाच त्यांचा विचार. जपूनच गेला बिचारा माणूस. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. त्याच महिन्यात एका खुनाच्या खटल्यात त्यांची साक्ष झाली होती आणि त्यांचा फोटो पेपरात आला होता. आमच्या समोरच्या खोलीतले मास्तर पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, आणि गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचत.

डॉक्टर जिन्यातून वर आले, ह्यांची खोली विचारली, आत जाऊन दार लोटून बसले, आणि निघून गेले. तेवढ्यात गॅलरीत बातमी फिरून आली. खुनी माणसांचा डॉक्टर, वेड्यांचा डॉक्टर ह्यांच्याकडे कशाला? मग लोकांना सगळं आठवायला लागलं. बायको कधीची गायब. नागपूरहून एक पत्र नाही. बाळाचा फोटो नाही. दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, बाईला वेड लागलंय आणि ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलीय. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं ह्याच्याही पुढचं होतं. ते लोक ह्यांच्याशी बोलेनासे झाले, आणि नळावर ह्यांना पुढे जाऊ देऊ लागले.

सगळी वाट लागली. व्याह्यांपर्यंत जायला अशा बातमीला काय वेळ लागतो! बोरिवलीहून निरोप आला, की मुलीच्या आईची तब्येत कशी आहे ते आम्हाला समक्ष बघायचंय. ह्यांनी डोक्याला हात लावला. आता मात्र हे हॉस्पिटलात आले, आणि डॉक्टरही आम्हा दोघांसमोर मान खाली घालून बसले होते. कोण शहाणा नि कोण वेडा हे कोर्टाला सांगणारा माणूस, आणि त्यांच्या एका फेरीने मी सगळ्या चाळीत वेडी ठरले होते. माफी मागत होते ते. ह्यांच्या डोक्यात मात्र वेगळंच आलं. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही शहाणी आहे असं एक सर्टिफिकेट द्या. तुमच्या सहीला तर न्यायाधीशही मानतो." मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टर म्हणाले, देतो, आत्ता देतो. पण लोक विचारतील, शहाणी होती तर तुमच्याकडे कशाला येत होती? 

तेव्हा ठरलं की मला दाखवायचं.

माझं लग्न ठरताना मला एकदा दाखवली होती, पोहे घेऊन. पंचेचाळिशी उलटल्यावर पुन्हा दाखवली. भावाने डब्यातून विग काढला, वहिनीने तो पिना लावून बसवला, ब्लाउजच्या एका बाजूला कापूस भरून मापाचा केला. नागपूरहून आलेली बाई म्हणून गोरेगावच्या बाजारातून एक पिशवी संत्री घेतली. टॅक्सीतून उतरून मी इतक्या महिन्यांनी आमचा जिना चढले, तर वरपासून खालपर्यंत माणसं उभी. कोणी हाक मारली नाही. ज्या मुलांना मी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यांना आयांनी मागे ओढलं. मी कुणाकडे बघून हसले, तर ती बाई दचकली. वेडी हसते ना, म्हणून. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

खोलीत व्याही आणि विहीणबाई खाटेवर, मी समोर खुर्चीवर, हे दाराशी. दार उघडंच होतं, कारण ह्यांनाच गॅलरीला दाखवायचं होतं. व्याही भला माणूस. इकडचं तिकडचं बोलले आणि हळूच म्हणाले, "आज तिथी कोणती हो, वहिनी?" मी ओळखलं. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी डॉक्टरांनी वार आणि महिना विचारला होता, तसंच हे. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण मी म्हटलं, "चतुर्थी. उपास आहे माझा." व्याह्यांनी विहीणबाईंकडे बघून मान हलवली. पास झाले.

मग नागपूर निघालं. मी असं काही सांगत सुटले की विचारू नका. तिथली थंडी, बाळाला शेक कसा दिला, तेल कोणतं लावलं, भाचीला डिंकाचे लाडू सोसले नाहीत, बाळ रात्रीचं कसं जागतं. विहीणबाईंचा चेहरा सैल होत गेला. त्या स्वतःच्या मुलाच्या वेळचं सांगू लागल्या. मी इतकी सुरेख खोटं बोलत होते की मलाच माझी भीती वाटली, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. ते कौतुक मला बघवेना.

विहीणबाईंनी विचारलं, "नाव काय ठेवलं मग?"

हे आमचं ठरलंच नव्हतं. ह्यांनी एक नाव सांगितलं, मी एक. दोघांनी एकाच वेळी. मग दोघांनी सुधारलं, तर पुन्हा दोन वेगळी नावं झाली.

हे हसले, कसंतरी. चहाचा ट्रे घेऊन मुलगी आत आली होती, तिने तो टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलली.

"बाळ नाहीये. नागपूरला आमचं कोणीच नाही. आईला कॅन्सर झालाय, ऑपरेशन झालंय. ती गोरेगावला मामाकडे असते."

मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लोकांना वाटतं अशा वेळी आईचा ऊर भरून येतो. माझा नाही आला. मला वाटलं, कार्टे, काय केलंस हे? एवढे महिने मोरीत लपले ते कशासाठी? व्याह्यांसमोर, उघड्या दारातून अख्ख्या गॅलरीसमोर तिने तो शब्द उच्चारला होता, आणि मला वाटत होतं की सगळ्यांना आता माझ्या ब्लाउजमधला कापूस दिसतोय. मी दोन्ही हात छातीवर घेतले आणि फरशीकडे बघत बसले.

व्याह्यांनी ह्यांना विचारलं, खरं का? ह्यांनी मान हलवली. विहीणबाई माझ्याकडे बघतायत हे मला न बघता कळत होतं. मग त्यांनी ह्यांना विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात बाळंतिणीमुळे ह्यांना लग्नाला येता येणार नाही. मग ह्या कुठे असणार होत्या त्या दिवशी?"

मीच म्हटलं, "गोरेगावला."

"आणि कन्यादानाला?"

"दीर आणि जाऊबाई."

कोणाकडेच न बघता त्या म्हणाल्या, "आई जिवंत असताना?"

इतक्या महिन्यांत माझ्या घरात कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही. आम्ही आजार लपवता लपवता मलाच आटपून टाकलं होतं. हे दाराशी होते तिथेच खाली बसले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखे रडायला लागले. गिरणी बंद पडली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. रडता रडता, सवयीने, त्यांनी दार लोटायला हात लांब केला. मी म्हटलं, राहू द्या उघडं.

विहीणबाईंनी त्या दिवशी होकारही दिला नाही आणि नकारही. खोटं बोललात ह्याचा राग आलाय, हे त्यांनी तोंडावर सांगितलं आणि चहा न पिता त्या उठल्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुढे निरोप आला तो असा, की लग्न ठरल्या तारखेला होईल, पण कन्यादानाला मुलीचे आई-वडील बसले तर.

माघात मुलुंडच्या हॉलमध्ये मी पाटावर बसले. विग घातला नव्हता. पदराखाली नुकते फुटलेले केस, ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजलेला, आणि समोर सगळं घाटकोपर, सगळं बोरिवली, बघायला आलेलं. कॅन्सरवाली कशी दिसते ते बघायला आले होते लोक, उगाच कशाला गोड बोलू. डॉक्टरही आले होते, अगदी मागे उभे होते. लाज गेली नव्हती. ती काही अशी एका दिवसात जात नाही. मी मान जी खाली घातली ती वर करेना. भटजींनी मुलीचा हात माझ्या हातावर ठेवला, ह्यांनी खालून माझा सुजलेला हात धरला, आणि पाणी सोडायची वेळ आली.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, वर बघ ना गं. सगळे तुलाच बघतायत."

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

मी वर बघितलं नाही. तिचा हात मात्र भटजींनी दोनदा सांगेपर्यंत सोडला नाही.